द्यूतव्यसनाची खानेसुमारी

गावात पीक किती आले, गुरे किती, माणसे किती, याची नोंद ठेवणे हे महसुली दफ्तराचे फार जुने कर्तव्य. परंतु जुगाराने ग्रासलेल्यांची गणना करावी, ही जाणीव शासनसंस्थेला होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. अमेरिकेत द्यूतविषयक राष्ट्रीय धोरणाच्या पुनर्विचारार्थ नेमलेल्या आयोगासाठी मिशिगन विद्यापीठाने १९७५ मध्ये देशव्यापी पाहणी केली, आणि प्रौढांपैकी शेकडा ०.७७ जण बहुधा व्यसनाधीन असावेत, असा अंदाज वर्तविला.

पुढे १९८७ मध्ये हेन्री लेझ्युअर व शीला ब्लूम यांनी न्यूयॉर्क राज्यातील साउथ ओक्स रुग्णालयात वीस प्रश्नांची चाचणी सिद्ध केली. पाच वा अधिक गुण मिळविणारा व्यसनी समजावा, असा तिचा दंडक. रुग्णालयासाठी घडविलेले हे माप घरोघरी लावले गेले, आणि तेथेच गणनेतील दोष उघड झाला. हजार माणसांत खरे व्यसनी दहाच असतील आणि उरलेल्यांपैकी शेकडा दोघांवर चुकून तो शिक्का बसला, तर खोटे सुमारे वीस, म्हणजे खऱ्या दहांच्या दुप्पट भरतात. म्हणून कॅनडात २००१ मध्ये सर्वसामान्य लोकांसाठीच नऊ प्रश्नांची निराळी चाचणी रचण्यात आली.

तरीही प्रश्न विचारण्याच्या रीतीने उत्तर पालटतेच. ब्रिटनमध्ये २०१० साली घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत कॅनडातील या चाचणीने व्यसनी शेकडा ०.७ आढळले, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः संगणकावर भरून घेतलेल्या पाहणीत त्याच चाचणीने २.५. एकांतात लज्जा कमी होऊन सत्य बाहेर येते, हे खरे. परंतु जुगारात रस असणारेच अशा पाहणीला अधिक उत्साहाने उत्तर देतात, हेही संभवते.

संख्येविषयी मतभेद असले, तरी गणनेचे महत्त्व ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने १९९९ मध्ये निर्विवाद सिद्ध केले: प्रौढांपैकी शेकडा २.१ समस्याग्रस्त, पण जुगारावर होणाऱ्या एकूण खर्चाचा सुमारे एकतृतीयांश भाग त्यांच्याच खिशातला!

महाराष्ट्रात जुगारबंदीचा १८८७ चा कायदा आजही अंमलात आहे, आणि १९६९ मध्ये राज्यशासनाने स्वतःची लॉटरीही सुरू केली. एका हाताने बंदी आणि दुसऱ्या हाताने विक्री करणाऱ्या शासनाने, तिजोरीत पडणाऱ्या पैशापैकी किती पैसा उद्ध्वस्त संसारांतून येतो, हे नियमित पाहणीने मोजून प्रजेपुढे मांडले पाहिजे. तिकिटविक्रीचा पैपैचा हिशेब ठेवणाऱ्यांना ही मोजदाद अवघड नाही.