सुरूच्या आधी आपल्या किनाऱ्यावर काय होतं?

किनाऱ्यावरचं जुनं झाड कोणतं, असं विचारलं की आपल्याकडे बहुतेक जण पटकन सुरू म्हणतात. आजोबांनीही सुरूच पाहिला, म्हणजे तो इथलाच, असा आपला हिशेब.

पण इतिहास वेगळा आहे. अंदमानात सुरू मूळचा आहे, कोकणात नाही. पश्चिम किनाऱ्यावर त्याची लागवड झाली ती १८६८च्या सुमारास कारवारला. तो भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता. इंग्रजांना उडती वाळू थोपवायची होती आणि सरपणही हवं होतं. सुरू भराभर वाढतो, खारं वारं सोसतो. पुढे सरकारी खात्यांनी तोच कित्ता गिरवला.

त्याआधी किनारा उघडा नव्हता. सगळ्यात पुढे मर्यादवेल. नावातच तिचं काम आहे! तिच्या पेरापेराला मुळं फुटतात, वाळू अडते, हळूहळू टेकडी उभी राहते. तिच्यामागे केवडा, मग उंडी, करंज, भेंड. उंडीच्या बियांच्या तेलावर घरातले दिवे जळायचे. ही झाडं म्हणजे गावाचं कुंपणही होतं आणि कोठारही.

सुरूखाली मात्र सुयांसारख्या पाल्याचा जाड थर साचतो, त्यातून दुसरं रोप सहसा वर येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरकडे सुरूची बनं आडवी झालेली आपण पाहिली. नारळी-पोफळीही पडल्या, खोटं कशाला बोला. पण एकाच जातीच्या रांगेवर सगळा भरवसा ठेवणं धोक्याचं, एवढं तरी त्यातून शिकायला हवं.

आता सुशोभीकरणाचे आराखडे येतायत. वीसेक वर्षं या पट्ट्यात बातमीदारी करतोय, असे कागद बरेच चाळलेत. त्यात लॉन, पेव्हर ब्लॉक, शोभेचे पाम, सेल्फी पॉइंट असतात. मर्यादवेल असते ती 'झाडी साफ करणे' या कलमात. म्हणजे वाळू धरणारी वेल पैसे देऊन उपटायची आणि नंतर धूप होते म्हणून दगडी बंधाऱ्याला पुन्हा पैसे मागायचे.

दुसरा रस्ता आहे. मुंबईत मिठीकाठी, धारावीला लागून, कचऱ्याचा डेपो होता. १९८३ साली डॉ. सालिम अलींच्या हस्ते तिथे पहिलं रोप लागलं आणि १९९४ मध्ये ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांना खुलं झालं. कचऱ्यावर जंगल उभं राहतं, तर आपल्या स्वच्छ वाळूवर उंडी-करंज का नाही?

उभा सुरू तोडा असं माझं म्हणणं नाही. जिथे पडलाय तिथे पुन्हा सुरूच नको आणि पुढची वेल उपटू नका, इतकंच. पुढच्या ग्रामसभेत उद्यानाचा आराखडा आला, तर एकच विचारा: यात लावायच्या झाडांची यादी कुठाय?

आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांना विचारा, सुरूच्या बनाआधी तिथे काय होतं. उत्तर खाली लिहा. ती यादी आपणच करू.