विकलेल्या घराचा नफा आणि प्राप्तिकर

भारतात भांडवली नफ्यावर पहिला कर बसला तो १९४७ साली. अंतरिम सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी तो अर्थसंकल्पात आणला. जॉन मथाई अर्थमंत्री असताना, दोनच वर्षांत तो गेलाही. पुढे ब्रिटनचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांच्या शिफारशीवरून १९५६ मध्ये टी. टी. कृष्णम्माचारी यांनी तो पुन्हा लागू केला आणि तेव्हापासून तो टिकून आहे.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ५४ ने घर विकून घरच घेणाऱ्याला सूट दिली, पण विकलेले घर मालकाच्या किंवा त्याच्या आईवडिलांच्या राहण्याचे असले तरच. घर भाड्याने देऊन त्यावर उदरनिर्वाह करणारा मालक या सवलतीबाहेर राहिला. ही अट १९८२ च्या वित्त कायद्याने काढली आणि भाड्याचे घर राहत्या घराच्या पंक्तीला बसले. नवे घर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत विकत घेणे, अथवा तीन वर्षांत बांधणे, ही मुदत पुढे रूढ झाली.

खरा पेच महागाईचा होता. वीस-तीस वर्षे भाड्याने दिलेल्या घराची किंमत वाढते त्यातली किती वाढ खरी आणि किती केवळ रुपया घसरल्याची? सुरुवातीला उपाय ढोबळ होता: जुन्या मालमत्तेसाठी १ जानेवारी १९५४ चा बाजारभाव खरेदीकिंमत म्हणून धरता येई, आणि ही तारीख अधूनमधून पुढे सरकवली जाई. १९९२ मध्ये राजा चेल्लया समितीच्या शिफारशींनुसार मनमोहन सिंग यांनी महागाई निर्देशांक आणला. खरेदीकिंमत त्या प्रमाणात वाढवून उरलेल्या नफ्यावर २० टक्के कर, अशी रीत पडली. २०१७ मध्ये पायाभूत वर्ष १९८१ वरून २००१ वर आले.

कर वाचवण्याचा बेकायदा मार्ग मात्र याहून जुना: खरेदीखतात किंमत कमी लिहायची, उरलेले पैसे रोख घ्यायचे. त्याला आळा घालण्यासाठी १९८६ पासून मुंबईसारख्या महानगरांत कमी भावाची मालमत्ता सरकारनेच विकत घेण्याची तरतूद झाली. ती २००२ मध्ये संपली. तिची जागा घेणारे कलम ५०सी अधिक साधे ठरले: खतात किंमत बरीच कमी लिहिली, तरी कर मुद्रांक शुल्कासाठी धरलेल्या मूल्यावर, म्हणजे महाराष्ट्रात रेडी रेकनरच्या दरावर.

ज्यांना दुसरे घर नको, त्यांच्यासाठी २००० पासून कलम ५४ईसी चे करसवलतीचे रोखे आहेत. विक्रीनंतर सहा महिन्यांत पैसे गुंतवायचे. मर्यादा ५० लाख रुपये. कलम ५४ ला २०२३ मध्ये १० कोटींची मर्यादा पडली.

२३ जुलै २०२४ पासून निर्देशांक काढून दर १२.५ टक्के केला गेला. ओरड झाल्यावर त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरांसाठी निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना जुन्या हिशेबाची मुभा मिळाली. २००१-०२ मध्ये २० लाखांना घेतलेले घर २०२४-२५ मध्ये एक कोटीला विकले, तर निर्देशांकाने (१०० वरून ३६३) खरेदीकिंमत ७२.६ लाख होते आणि कर ५.४८ लाख, नव्या रीतीने तो १० लाख. तेच घर दोन कोटींना गेले, तर जुन्या हिशेबाने कर २५.४८ लाख आणि नव्याने २२.५ लाख.