विद्यार्थ्यांसह से कॅथेड्रलच्या दारात

जुन्या गोव्याची शालेय सहल बहुधा संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटिकेपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. आमची सूचना अशी, की धर्मशिक्षकांनी पहिला तास से कॅथेड्रलसाठी राखावा आणि आत जाण्यापूर्वी मुलांना अंगणात उभे करून दोन प्रश्न विचारावेत.

मनोरा एकच का? दुसरा १७७६ साली कोसळला व पुन्हा उभारला गेला नाही. मंदिर संत कॅथरिनचे का? आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, तिच्या सणाच्या दिवशी, गोवा जिंकले म्हणून. म्हणजे १५६२ साली आरंभिलेल्या या वास्तूच्या नावातच तलवारीची आठवण आहे. याच चौकालगत इन्क्विझिशनचा वाडाही होता. ते न्यायासन १५६० साली गोव्यात आले व १८१२ साली कायमचे उठले.

हे सर्व वर्गात आधीच सांगावे. सोबत हिंदू विद्यार्थी असतील, तर हा भाग मुळीच गाळू नये. आपण जे झाकतो ते मुले अन्यत्र ऐकतातच, आणि मग आपल्या उपदेशावरचाही त्यांचा विश्वास उडतो.

त्यानंतर आत जावे, आणि मुख्य वेदीपुढे आपण ख्रिस्ती जनांनी प्रथम पश्चात्तापाची व मग उपकारस्तुतीची प्रार्थना करावी.