ढेकूण आणि घरची अब्रू

वर्धापनदिनाच्या मंगल प्रसंगी ढेकणांवर लेख लिहिलेला काही भगिनींना रुचणार नाही. परंतु आपल्यापैकी ज्यांनी चाळीत संसार केले, त्यांना या प्राण्याशी वर्षानुवर्षे झुंजावे लागले. ही लढाई बायकांनीच लढवली. तेव्हा तिचा इतिहासही आपणच लिहावा हे बरे.

शत्रू फार जुना आहे. संस्कृतात त्याला मत्कुण म्हणतात. लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयावर आणि विष्णू क्षीरसागरात निजतात ते ढेकणांच्या धास्तीनेच, अशी थट्टा एका सुभाषितकाराने केली आहे. पंचतंत्रात राजाच्या शय्येत राहणाऱ्या एका उवेची गोष्ट आहे. तिच्याकडे पाहुणा आलेला ढेकूण उतावळेपणाने राजाला चावतो आणि पलंगाच्या फटीत दडतो. सेवकांच्या हाती लागते ती ऊ, आणि जीव जातो तिचा. ही गोष्ट मला फार खरी वाटते. का, ते पुढे सांगते.

मुंबईत गिरण्या वाढल्या तशा चाळी वाढल्या. लाकडी जिने, लाकडी तुळया आणि एकेका खोलीत सात-आठ माणसे. ढेकणाला पंख नसतात. भिंतीच्या भेगेतून, वळकटीतून, गादीच्या शिवणीतून तो या बिऱ्हाडातून त्या बिऱ्हाडात जातो. उष्ण हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्याला पाच-सहा आठवडे पुरतात, आणि रक्त मिळाले नाही तरी तो महिनोन्‌महिने तग धरतो. म्हणून रविवार उजाडला की खाटा गॅलरीत येत. सांध्यांत उकळते पाणी ओतायचे, फटींत रॉकेलचा बोळा फिरवायचा, गाद्या उन्हात टाकायच्या आणि खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या.

मग डी. डी. टी. आली. स्वित्झर्लंडचे पॉल म्युलर यांनी १९३९ साली तिचा कीटकनाशक गुण शोधला. १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघरच्या भिंतींवर ती फवारली जाऊ लागली. ढेकणांचाही आता निकाल लागला, असे आम्हांला वाटले. पण हवाई बेटांवर १९४७ सालीच या औषधाला दाद न देणारे ढेकूण आढळले होते. फवाऱ्यातून जे थोडे वाचतात, त्यांचीच पिलावळ पुढे वाढते. आमच्याकडेही ते परतले.

१९६४ साली आमच्या मजल्यावर एक नवी सून आली. माहेरून तिने सागवानी पलंग आणला होता. दोन महिन्यांत ढेकणांचा उपद्रव वाढला आणि सगळ्यांची बोटे त्या पलंगाकडे वळली. बोलणाऱ्यांत मीही होते. बिचारीच्या सासूने तो पलंग मोडीत काढला. पलंग गेला, ढेकूण राहिले. पुढे दुरुस्ती निघाली तेव्हा आमच्याच दाराची चौकट उचकटली, तर मागे काळ्या डागांचा थर आणि त्यांच्या कातींचा खच! ती वस्ती कित्येक वर्षांची होती. मी कुणाला बोलले नाही. अब्रूची भीती वाटली. ती सून नंतर उपनगरात राहायला गेली, आणि तिची क्षमा मागायची राहूनच गेली.

खोटा आळ ढेकणावरही आला होता. १९०७ साली मद्रासेत डॉक्टर पॅटन यांनी काळा आजार ढेकणामुळे पसरतो असा तर्क मांडला. तो आजार वाळूमाशी पसरवते, हे प्रयोगाने सिद्ध व्हायला १९४२ साल उजाडले. ढेकूण रक्त पितो, झोप उडवतो, अंगावर गांधी उठवतो. तो रोग पसरवतो असे मात्र सिद्ध झालेले नाही.

आजही ढेकूण गेलेले नाहीत. पुष्कळ नव्या औषधांनाही ते दाद देत नाहीत. उष्णतेपुढे मात्र त्यांचे काही चालत नाही. पन्नास अंशांच्या वर त्यांची अंडीदेखील मरतात. तेव्हा आपल्या सासवांचे उकळते पाणी काही अडाणीपणाचे नव्हते. रॉकेल मात्र आगीच्या भयाने टाळावे, आणि विषारी औषध अंथरुणावर कधीही मारू नये.

पण पाण्याआधी एक गोष्ट हवी. ढेकूण दिसला की शेजारणीला सांगावे आणि साऱ्या मजल्याने एकाच दिवशी खाटा बाहेर काढाव्यात. स्वच्छ घरातही तो येतो. त्यात लाज कसली? आम्ही लपवून ठेवले, म्हणून तो चौकटीमागे सुखाने नांदला आणि एका मुलीचा पलंग मात्र गेला.