ओल्या मेंदीचा हात

मेंदी काढता काढता बायबलमधील कथा सांगण्याची एक रीत ख्रिस्ती प्रचारकांमध्ये आहे. तळहातावर एकेक चित्र रेखायचे आणि त्यासोबत कथेचा एकेक भाग सांगायचा. हे प्रथम ऐकले तेव्हा मला धुळ्यातील आमच्या घरची आखाजी आठवली. आई पाट्यावर मेंदीचा पाला वाटायची. तळहातावर मोठा ठिपका आणि बोटांना टोप्या, एवढीच नक्षी. पण ती वाळेपर्यंत माहेरवाशिणींना जागचे हलता येत नसे. कुणी काहीही सांगावे, त्यांनी ऐकावे!

ख्रिस्तकथा आपल्या वळणाने सांगण्याची परंपरा मराठीत चारशे वर्षांची आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोलला छापले गेले. ओवी अस्सल मराठी. पण त्याआधी साष्टीतील देवळे पाडली गेली होती, पोथ्या हिरावल्या गेल्या होत्या. श्रोत्यापुढे दुसरे पुराण उरलेच नव्हते.

१८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन स्वीकारले. इथे श्रोता मोकळा होता. कीर्तनकार कोण, कथा कुणाची, हे उघड असे. न पटले तर उठून जाता येई. खुद्द टिळकांच्या घरातही तसेच घडले. लक्ष्मीबाई कित्येक वर्षे वेगळ्या राहिल्या, आपल्या मनाने परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या निधनानंतर अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पूर्ण केले.

विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आले. तेव्हापासून धुळे-जळगावकडे धर्मांतराचा विषय निघाला की वाद रूप परके की आपले यावरच अडतो. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. ओवी, कीर्तन, मेंदी ही कुणा एका धर्माची मिरास नव्हे. मेंदी तर हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा साऱ्याच घरांत रंगते.

खरा प्रश्न श्रोत्याचा आहे. ओल्या मेंदीचा हात घेऊन बाई उठू शकत नाही. म्हणून कोन हाती घेण्याआधीच तिला सांगावे : मी नक्षीबरोबर माझ्या श्रद्धेची कथा सांगणार आहे, चालेल का? ती 'नको' म्हणाली, तर तिच्या हातावर नुसती वेलबुट्टी काढावी. रंग तिचाही तितकाच चढेल.