आरोग्याचा दाखला

स्वीडिश गूढवादी एमान्युएल स्वीडनबॉर्गच्या स्वप्नवहीत १७४४ च्या ६ आणि ७ एप्रिलमधल्या रात्रीची एक नोंद आहे. मुक्काम हॉलंडमधल्या डेल्फ्टला. अंगाला कापरं भरलं, मोठा गडगडाट झाला, आपण पालथे फेकले गेलो, असं तो लिहितो. मग समोर ख्रिस्त. ख्रिस्त विचारतो काय, तर आरोग्याचा दाखला आहे का! ते प्रभूलाच जास्त ठाऊक, एवढंच उत्तर त्याला सुचतं.

साक्षात्कारात हा बंदरावरचा प्रश्न कुठून आला, याचा उलगडा त्याच्या प्रवासटिपणांतून होतो. १७१० साली तो लंडनला पोचला. स्वीडनमध्ये प्लेग असल्याच्या वार्तेमुळे जहाजावरच्यांना सहा आठवडे उतरायला बंदी होती. हा मित्रांबरोबर गुपचूप उतरला आणि फासावर जाता जाता वाचला. चौतीस वर्षांनी त्या गुन्ह्याने देवासमोर डोकं वर काढलं.

वही खासगी होती; ती छापली गेली १८५९ साली, तो जाऊन सत्त्याऐंशी वर्षं झाल्यावर. त्याच्याविषयीच्या चमत्कारकथांपेक्षा मला ती म्हणूनच अधिक विश्वासाची वाटते.

१७५८ साली लंडनमध्ये त्याने निनावी छापलेला ‘स्वर्ग आणि नरक’ हा लॅटिन ग्रंथ तिच्याशेजारी ठेवून वाचावा. मेल्यावर माणूस आधी होता तसाच दिसतो, बोलतो. हळूहळू बाहेरचं गळून पडतं आणि आतलं उघडं होतं. देवदूत हाताच्या बोटांपासून सुरुवात करून सगळं शरीर तपासतात, कारण केलेलं सारं तिथे उमटलेलं असतं. लाच खाणाऱ्यांचं वर्णन तर विलक्षण बारकाईचं आहे: रक्कम, वेळ, मनातला हेतू, सगळं बाहेर येतं, आणि त्यांच्याच टिपणवह्या पानापानाने वाचल्या जातात. लिहिणारा १७४७ पर्यंत स्वीडनच्या खाण मंडळात अधिकारी होता; दफ्तर त्याच्या रोजच्या सवयीचं होतं.

आपल्याला चित्रगुप्त आठवतो. पण इथे नोंद ठेवणारा दुसरा कोणी नाही. माणसाची आतली स्मृती हीच वही. देव कोणाला नरकात लोटतही नाही. ज्याला जे प्रिय, तिकडे तो आपल्या पायांनी जातो.

डेल्फ्टच्या रात्रीतून हा विचार उगवला, हे माझं अनुमान आहे. त्याला आधार त्याच वहीतल्या पुढच्या पानांचा. तिथे स्वीडनबॉर्ग आपला अहंकार, लौकिकाची हाव, स्त्रीदेहाची ओढ, सगळं तारीखवार लिहून ठेवतो.