प्रभाकर कंदील आणि तळावरची रात्र

कऱ्हाडजवळील ओगलेवाडी हें नांव एके काळीं घरोघर पोंचलें, तें कंदिलामुळें. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे उद्योगाचे मोठे चाहते होते. त्यांच्या आश्रयानें १९१० सालीं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यांत आहे. पुढें १९१६ सालीं ओगले बंधूंनीं औंधच्याच साहाय्यानें काचेचा कारखाना काढला. प्रभाकर हें त्यांच्या वडिलांचें नांव, आणि सूर्याचेंहि. तेंच कंदिलास मिळालें.

कंदिलाची खरी परीक्षा उघड्यावर, वाऱ्यापावसांत होते. घडविलेली काच हळूहळू निववली नाहीं, तर तिच्यांत ताण राहतो आणि तापली असतां पावसाच्या एका थेंबानें ती तडकते. ज्योतीस हवा मिळते ती बाजूच्या नळ्यांतून. म्हणून वाऱ्यांतहि ती टिकते. इथवर काम कारागिराचें, पुढचें वापरणाराचें.

आजहि सदाशिवगडाच्या पायथ्याशीं तळ देणाऱ्या तरुणांनीं कंदील अवश्य न्यावा. मात्र रॉकेल दिवसाउजेडीं, कंदील विझवून निवल्यावरच भरावें. टांकी कांठोकांठ भरूं नये. पेट्रोल कधींहि घालूं नये. त्याची वाफ भडकते. वात सरळ कापावी व कंदील सपाट दगडावर ठेवावा. मिटलेल्या तंबूंत तो जळत ठेवून निजणें तर प्राणावर बेतावयाचें. कोंडलेल्या हवेंत होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस वासहि नसतो.

कारागिरानें ज्योतीभोंवतीं काच बसविली. तिच्याबाहेरची सावधगिरी प्रत्येक पिढीनें नव्यानें शिकावयाची असते.